पाच लाखांचा आकडा

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 च्या सुमारास फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. अशा लॅबच्या जाळ्यातल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी कॉपर बोर्डवर सर्किट कोरून, हाताने सोल्डरिंग करून स्वतःचा यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरणारे उपकरण, बनवत आले आहेत. त्यातल्या एटीटायनी चिपमध्ये यूएसबीची सोयच नसते. निव्वळ सॉफ्टवेअरच्या बळावर ती सेकंदाला 15 लाख बिटांच्या वेगाने कॉम्प्युटरशी बोलते.

आता तेवढी कसरतही उरलेली नाही. जानेवारी 2021 मध्ये रास्पबेरी पायचा पिको बोर्ड 4 डॉलरला बाजारात आला. बटण दाबून धरून केबल जोडली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यात फाइल टाकली की नवा प्रोग्राम सुरू. उपकरणाने आपण कीबोर्ड आहोत असे सांगितले, तर वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. ज्याची बोटे चालत नाहीत त्याच्यासाठी एकाच मोठ्या बटणाचा कीबोर्ड, वादकाला स्क्रीनवरचे नोटेशन पुढे सरकवायला पायाने दाबायचे बटण: दहा-वीस नगांच्या अशा वस्तूंना मोठा कारखाना हात लावत नाही. त्या छोट्या कारागिरांनीच करायच्या.

मग अडते कुठे? आकड्यात.

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडताच दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. कोणता ड्रायव्हर लावायचा हे विंडोज त्यावरून ठरवते. 2014 मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपमधला वस्तू-क्रमांक शून्य केला, आणि चालू उपकरणे कॉम्प्युटरला ओळखू येईनाशी झाली. ज्यांना आपल्या यंत्रातली चिप नकली आहे याची कल्पनाही नव्हती, त्यांनाही ते भोगावे लागले.

उत्पादक क्रमांक देते यूएसबी-आयएफ ही कंपन्यांची संघटना. सदस्य नसलेल्याला त्याचे 6,000 डॉलर पडतात, म्हणजे पाच लाखांहून जास्त रुपये. शंभर नग करणाऱ्याला नगामागे पाच हजारांचा भुर्दंड, आणि आतली चिप मात्र शंभर रुपयांच्या घरातली!

पळवाटा आहेत. मायक्रोचिप, एफटीडीआय, रास्पबेरी पाय आपल्या क्रमांकाखाली छोट्यांना फुकट जागा देतात. पण ती त्यांच्याच चिपपुरती. चिपटंचाईत दुसरी चिप वापरावी लागली, तर क्रमांकही नवा शोधा. ‘पिड डॉट कोड्स’ हा उपक्रम 1209 या जुन्या उत्पादक क्रमांकाखाली मोफत वाटप करतो. अट एवढीच, की डिझाइन आणि कोड सर्वांसाठी खुले हवेत. शिकणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तमच. ज्याला आपले डिझाइन राखून चार पैसे मिळवायचे आहेत, त्याला तो बंद.

एका उत्पादक क्रमांकाखाली 65,536 वस्तू मावतात. खुल्या हार्डवेअरसाठी असा एक क्रमांक राखून ठेवावा, हा प्रस्ताव 2013 मध्ये यूएसबी-आयएफपुढे मांडला गेला होता आणि तो नाकारला गेला. हा निर्णय संघटनेने बदलायला हवा. एक क्रमांक छोट्या उत्पादकांसाठी राखावा, वर्षाला ठरावीक नगांची मर्यादा घालावी आणि नोंदणीला एखाद्या बोर्डाच्या किमतीएवढे शुल्क घ्यावे.