मंडपात खुर्च्या लावणारा पोरगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यात गुणगौरव सोहळे होतात. शाल, ट्रॉफी, भाषणं, फोटो. त्यात मुली पुढे असतात, याचा आनंदच आहे. पण आठवीपर्यंत ढकलत आलेला, नववीत नापास होऊन गॅरेजात पाना धरलेला पोरगा त्याच मंडपात खुर्च्या लावत असतो. त्याच्याशी कुणी बोलत नाही.

सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, हे सच्चर समितीनं २००६ साली सांगितलं. त्यावर सरकारला जाब विचारलाच पाहिजे. २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, त्याचाही. पण गॅरेजवर जाऊन 'पुस्तक उघडलंस का रे' हे कुठलं सरकार विचारणार?

अमेरिकेतल्या काळ्या समाजानं हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली '१०० ब्लॅक मेन' ही संघटना उभी राहिली. स्वतःच्या पायावर उभे असलेले पुरुष आपल्याच समाजातल्या पोरांना वेळ देऊ लागले.

लोह्यात आम्ही चौघं आहोत. एक शिक्षक, एक मेडिकलवाला, एक एसटी कंडक्टर आणि मी. ना नाव, ना बॅनर. ज्यानं त्यानं आपापल्या पोरांना आठवड्यातून एकदा भेटायचं, एवढंच. काम रुक्ष आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढा, आधारवरचं नाव दाखल्याशी जुळवा, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबर फॉर्म भरा. कुणाचा बाप हैदराबादला कामाला, कुणाचा मालक परीक्षेला सुट्टी देत नाही.

एकानं मला विचारलं, "चाचा, दसवी करके भी यहीच करना है ना?" प्रश्न खरा आहे. मी त्याला कलेक्टर होशील असं सांगितलं नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी लागते, एवढं सांगितलं. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख आयएएस झाला, त्याचे पोस्टर आपण लावले. त्याच्या शिक्षणासाठी धाकट्या भावानं शाळा सोडून गॅरेजात काम केलं, ते पोस्टरवर नव्हतं. आमचा पोरगा त्या भावासारखा आहे.

व्हॉट्सअॅप स्टेटसवरून पोरगं ठाण्यात बसलं की जामिनाची वर्गणी रातोरात जमते. फॉर्मच्या फीसाठी मात्र जुम्म्यानंतर तीन वेळा सांगावं लागतं. आणि पैशापेक्षा माणूस मिळणं अवघड. उत्साहानं येणारे दोन महिन्यांत दिसेनासे होतात. मग पोराला वाटतं, हाही गेला. त्यापेक्षा आला नसता तर बरं होतं.

सध्या पोरं अकरा आहेत. दोघांचे दाखले अजून शाळेतून मिळायचे आहेत.