पादांशिक क्रम: रुग्णाचा आणि वैद्याचा

मधुमेहाच्या रुग्णास आपण पथ्याचा कागद देतो. साखर बंद, दही बंद, दिवास्वाप बंद, पहाटे चालणे सुरू. महिन्याने रुग्ण परततो तेव्हा त्यातील एकही गोष्ट टिकलेली नसते आणि आपण त्याच्या मनोबलास दोष देतो. आमच्या मते दोष त्या कागदाचा आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात याचे गणितच मांडले आहे. सवयीचे झालेले अहितकर चतुर्थांशाने सोडावे, हितकर तेवढ्याच अंशाने घ्यावे. पुढील अंश एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने. वाग्भटांनीही हाच क्रम सांगून, अंगवळणी पडलेले अपथ्य एकाएकी सोडल्यास रोग होतात, असे बजावले आहे. चार कप चहा घेणाऱ्यास प्रथम तीन कपांवर आणावे, इतके हे साधे आहे. (चरकांच्या काळी चहा नव्हता, हे त्यांच्या रुग्णांचे भाग्य!) रक्तशर्करा धोक्याच्या पातळीवर असेल तेथे अर्थातच एवढी सवड नसते. औषधी दुकानदारांनीही चूर्ण देताना 'किती सुटले?' एवढे अवश्य विचारावे.

हाच क्रम वैद्यालाही लागू आहे. पदवीनंतर मिटलेली संहिता एखाद्या शिबिराच्या उत्साहात उघडते व पुन्हा मिटते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचे अध्याय ३०. महिन्यास एक घेतला तरी अडीच वर्षांत ते पूर्ण होते. दवाखाना उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे त्यास पुरतात. वेळ नाही म्हणणाऱ्या व्यवसायबंधूंनी पहिल्या आठवड्यात अडीच मिनिटेच द्यावीत.