आता सोडून काय उपयोग?

पन्नाशी उलटलेल्या माणसाला विडी सोडा म्हटले, की उत्तर ठरलेले असते. "डॉक्टर, चाळीस वर्षं ओढली. व्हायचं ते होऊन गेलं. आता सोडून काय उपयोग?"

खरे सांगायचे तर, प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मलाही तसेच वाटे. एका निवृत्त एस.टी. ड्रायव्हरना मीच म्हणालो होतो, "राहू द्या आता, दोन-चारवर आणा म्हणजे झालं." पुढे दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना ते दोनदा बसत, तेव्हा माझे ते वाक्य मला आठवे. निकामी झालेले फुफ्फुस परत मिळत नाही. पण विडी सुटली की उरलेले झिजण्याचा वेग मंदावतो. हे मी त्यांना सांगायला हवे होते.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी १० वर्षे आधी गेले. ज्यांनी ४०व्या वर्षी सोडली त्यांची यातली ९ वर्षे वाचली, ५०व्या वर्षी सोडणाऱ्यांची ६ आणि ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांचीसुद्धा ३. तीन वर्षे थोडी की फार, हे त्या माणसाच्या बायकोला विचारावे.

"पण मी कुठं सिगारेट ओढतो? विडी तर पानाची!" पान असले तरी आत तंबाखूच आहे. शिवाय विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. आपल्याच देशातल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत विडी ओढणारे पुरुष सरासरी ६ वर्षे आधी गेल्याचे दिसले.

सोडणारे बहुतेक जण पहिल्या पंधरवड्यातच परत फिरतात. त्याची दोन कारणे मी रोज ऐकतो. एक, "सोडल्यावर खोकला वाढला." श्वासनळीतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात, ते पुन्हा हलू लागले की साठलेला कफ वर येतो. हे बरे होण्याचेच लक्षण. मात्र खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, थुंकीत रक्त दिसले, ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर थुंकी तपासून घ्यावी.

दुसरे कारण लाजत सांगतात : "विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." यात तथ्य आहे. निकोटीनमुळे आतड्याची हालचाल वाढते आणि कोठ्याला तीच सवय लागते. उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, अर्धा तास फिरणे आणि ठरल्या वेळी जाऊन बसणे. काही आठवड्यांत कोठा वळणावर येतो. नाही आला तर रात्री चमचाभर इसबगोल पाण्यातून घ्यावे, पण विडी पेटवू नये.

काही जण विडी सोडून मिश्री धरतात आणि मला पेढे आणून देतात. पेढे मी घेतो. मिश्रीबद्दल पुढच्या आठवड्यात.