पडद्यावरचा ख्रिस्त आणि प्रेक्षकांच्या मनातला ख्रिस्त

मेल गिब्सन यांच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' या २००४ सालच्या चित्रपटाचा उत्तरार्ध दोन भागांत, २०२७ मध्ये प्रदर्शित होणार असल्याचे २०२५ साली जाहीर झाले. या घोषणेबरोबरच दोन दशकांपूर्वीचा एक वादही पुन्हा जागा होण्याची चिन्हे आहेत. येशू ख्रिस्ताच्या जीवनावर कोट्यवधी डॉलर खर्चून निघणाऱ्या चित्रपटांविषयी प्रेक्षक जे मत देतात, ते नेमके कशाविषयी असते? चित्रपटाविषयी, की स्वत:च्या श्रद्धेविषयी? हा प्रश्न वाटतो तितका तात्त्विक नाही. त्याच्या उत्तरावर काही माणसांची सुरक्षितता अवलंबून राहिलेली आहे.

'पॅशन'ची हकीकत सर्वपरिचित आहे. ख्रिस्ताच्या आयुष्यातील अखेरचे बारा तास, संवाद अरामी, हिब्रू व लॅटिन या भाषांत, आणि फटक्यांच्या दृश्यांत रक्तमांसाचे असे चित्रण की अनेकांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या स्टुडिओंनी पाठ फिरवल्यावर गिब्सन यांनी सुमारे तीन कोटी डॉलरचा निर्मितिखर्च स्वत:च्या संस्थेमार्फत उभा केला. २५ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात करणाऱ्या राखेच्या बुधवारी, चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याने जगभरात साठ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकांनी त्याला सर्वोच्च श्रेणी दिली. समीक्षकांचे मात्र जवळजवळ समसमान दोन तट पडले.

ही तफावत म्हणजे सामान्य रसिक विरुद्ध विद्वान असा नेहमीचा सामना नव्हे. समीक्षकाने कथानकाची बांधणी पाहिली. पात्रांची ओळख होण्याआधीच छळ सुरू होतो, ख्रिस्ताची शिकवण ओझरत्या पूर्वस्मृतींपुरतीच उरते, हा त्याचा आक्षेप चित्रपट म्हणून रास्तच होता. श्रद्धाळू प्रेक्षकाला मात्र ओळख करून देण्याची गरजच नव्हती. कॅथलिक परंपरेतील 'क्रुसाची वाट' या भक्तीत ज्याने वर्षानुवर्षे एकेका स्थानापुढे गुडघे टेकले, त्याच्यासाठी पडद्यावरचा प्रत्येक फटका म्हणजे ठाऊक असलेल्या प्रार्थनेचा पुढचा चरण होता. एकाने चित्रपट पाहिला, दुसऱ्याने उपासना केली. चर्चच्या मंडळ्यांनी तिकिटे घाऊक प्रमाणात घेतली, यामागचे इंगितही हेच.

असे हे पहिल्यांदाच घडले नव्हते. १९६५ साली जॉर्ज स्टीव्हन्स यांनी 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'वर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, नामांकित नटांची फौज उभी केली. पण जॉन वेन रोमन शताधिपतीच्या वेषात क्रुसापाशी उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांना शताधिपती न दिसता जॉन वेनच दिसला. चित्रपट आपटला. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीत पाझोलिनी यांनी मत्तयकृत शुभवर्तमानावर अत्यल्प खर्चात चित्रपट केला. नट व्यावसायिक नव्हते, येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी होता आणि वृद्ध मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वत:ची आई. पाझोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी. तरीही व्हॅटिकनने १९९५ साली निवडलेल्या महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीत या कृतीला स्थान मिळाले. पैशाने देखावा विकत घेता येतो, प्रत्यय नाही, हेच यातून दिसते.

विरोधाचेही तसेच. झेफिरेली यांची 'जीझस ऑफ नाझरेथ' ही दूरचित्रवाणी मालिका १९७७ मध्ये प्रक्षेपित होण्यापूर्वीच, ती न पाहताच, अमेरिकेतील काही कर्मठ गटांनी निषेधाचा धडाका लावला आणि जनरल मोटर्सने प्रायोजकत्व सोडले. पुढे हीच मालिका अनेक ख्रिस्ती घरांत ईस्टरची परंपरा बनली. १९८८ साली स्कॉर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वरून तर पॅरिसमधील एका चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि त्यात प्रेक्षक जखमी झाले.

प्रेक्षक अशा चित्रपटाकडे कोरी पाटी घेऊन जातच नाही. याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईचा आहे. १९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मन:चक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वत:च लिहून ठेवले. त्या एका प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेतून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जन्माला आला. पडद्यावर एक देव, मनात दुसरा. तरीही अनुभव खोटा नव्हता.

पण मनातली प्रतिमा नेहमीच इतकी निरुपद्रवी नसते. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष साऱ्या ज्यू समाजाच्या माथी मारण्याची युरोपात शतकानुशतकांची परंपरा होती आणि दु:खसहनाची नाटके ही तिची एक वाहक होती. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ येथील नाटकाचा त्रिशताब्दी प्रयोग १९३४ साली झाला, तेव्हा हिटलर प्रेक्षागृहात होता. १९२७ सालच्या डेमिल यांच्या 'द किंग ऑफ किंग्ज'वरही ज्यू संघटनांनी हाच आक्षेप घेतला होता व त्यातील मजकुरात फेरफार करावे लागले. अखेर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या मरणाचा ठपका तेव्हाच्या सर्व ज्यूंवर सरसकट ठेवता येणार नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच. ओबरआमरगाऊच्या संहितेतही पुढे टप्प्याटप्प्याने सुधारणा झाल्या.

'पॅशन'विषयी ज्यू संघटनांनी व्यक्त केलेली भीती या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवी. जमावाच्या तोंडचे 'याचे रक्त आम्हांवर' या आशयाचे वाक्य उपशीर्षकांतून गाळण्यात आले, अरामी संवादात मात्र ते राहिले. शुभवर्तमानांत नसलेले कित्येक प्रसंग ॲन कॅथरिन एमेरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांवरून आले होते. 'जसे घडले तसे दाखवले' हा दावा म्हणूनच टिकणारा नव्हता. ख्रिस्ती प्रेक्षकाला ज्या दृश्यात त्याग दिसला, त्याच दृश्यात ज्यू प्रेक्षकाला आपल्या पूर्वजांच्या वस्तीवर चालून येणारा जमाव दिसला. एकाचे अश्रू खरे, म्हणून दुसऱ्याची भीती खोटी ठरत नाही.

चित्रपटानंतर भाकीत केल्याप्रमाणे अमेरिकेत हिंसाचाराची लाट उसळली नाही, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे आणि ते नोंदवलेच पाहिजे. परंतु धोका टळला, याचा अर्थ शंका अनाठायी होती असा होत नाही. सावध करणाऱ्यांमुळेच अनेक चर्चमधून चित्रपटाबरोबर परिषदेची भूमिकाही समजावून सांगितली गेली. २००६ साली मद्यधुंद अवस्थेत अटक झाली असता खुद्द गिब्सन यांनी ज्यूंविषयी काढलेल्या उद्गारांनी, ज्याबद्दल त्यांनी नंतर माफी मागितली, त्या शंकेला बळच दिले.

तिकीटबारीवरची गर्दी किती जणांना चित्रपट भावला, एवढेच सांगते. तो किती खरा, किती न्याय्य, हे ती सांगू शकत नाही. उत्तरार्ध येईल तेव्हा उत्पन्नाचे आकडे पुन्हा निर्णायक पुरावा म्हणून मिरवले जातील. बहुसंख्यांच्या श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक भव्य चित्रपटाला हेच लागू आहे, मग देश कोणताही असो. प्रेक्षकाच्या भक्तीचा आदर जरूर करावा. मात्र त्या कथेत ज्याला खलनायक ठरवले आहे, तोही प्रेक्षागृहात कुठेतरी बसलेला असतो. त्याचे मत विचारल्यावाचून प्रेक्षकांचा कौल पूर्ण होत नाही.