उंटावरून उतरल्यानंतरचं जैसलमेर

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून राजस्थानच्या सहली निघतात. जैसलमेर त्यात बहुधा शेवटी असतं आणि त्याच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. सकाळी किल्ला, दुपारी पटवांची हवेली, संध्याकाळी सम. तिथं वाळूच्या टेकडीवर उंटाची फेरी, रात्री तंबूंसमोर नाचगाणी आणि उजाडताच बॅगा पुन्हा गाडीत. मुलांना वाळवंट दाखवून झालं, असं आईबापांना वाटतं. मुलांनी पाहावं असं जैसलमेर मात्र बरंचसं राहूनच गेलेलं असतं.

गाव तसं लहान. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पासष्ट हजारांच्या आसपास. त्यामुळे शहराबाहेर पडायला वेळ लागत नाही आणि बहुतेक ठिकाणं तासाभराच्या आत गाठता येतात.

बाडमेरच्या रस्त्यावर सतरा किलोमीटरवर अकल आहे. उघड्या माळावर लोखंडी जाळ्या आणि वर पत्र्याची छपरं, लांबून पाहणाऱ्याला तिथं काही असेल असं वाटतही नाही. जाळीला नाक लावून आत पाहिलं की झाडाचा आडवा बुंधा दिसतो. लाकडाच्या शिरा ओळखू येतात, पण लाकूड उरलेलं नाही, सगळा दगड. हे जंगल सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचं. सगळ्यात मोठा ओंडका तेरा मीटरचा, म्हणजे शाळेच्या बसपेक्षाही लांब. जिथं आज बाभूळही कष्टानं जगते तिथं असे वृक्ष होते, हे दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातून पटवायला किती पानं लागतील! याच जिल्ह्यात जेठवाईजवळ लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे अवशेष सापडले आणि २०२३मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, थारोसॉरस. डायनासोरची नावं तोंडपाठ असणाऱ्या मुलांना थारच्या नावाचा हा प्राणी घरी कुणीतरी सांगायलाच हवा.

कुलधराचं दुखणं वेगळं आहे. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. दिवाण सालिमसिंगाच्या जाचाची कथा सगळे सांगतात, काही अभ्यासक भूकंपाकडे बोट दाखवतात. पर्यटकांच्या कानावर मात्र भुताच्या गोष्टीच जास्त पडतात. लहान मुलं आईचा हात घट्ट धरून त्या पिवळ्या भिंतींमधून फिरतात आणि रात्री झोपत नाहीत. ज्या माणसांनी हे गाव वसवलं त्यांच्यावर हा अन्याय आहे. वर्षाकाठी दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पालीवाल गहू-हरभरा पिकवत. उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचं पीक घ्यायचं, याला तिकडे खडीन म्हणतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत वाढलेल्या आणि गावच्या श्रमदानात घमेली उचललेल्या मराठी मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. खडीनचा बांध दाखवला की ती स्वतःच बोलू लागतील. भुताखेतांपेक्षा ही गोष्ट कितीतरी थरारक आहे.

आणि माळढोक. सोलापूरजवळचं नान्नज या पक्ष्याच्या नावानं ओळखलं जातं, पण तिथं आता त्याचं दर्शन दुर्मीळ झालंय. देशात रानात उरलेल्या सुमारे दीडशे माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. समोरचं नीट दिसत नसल्यानं हे जड पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळतात. डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीला भल्या पहाटे गेलं तरी तो दिसेलच असं नाही. चिंकारे, गिधाडं, वाळूतले कोल्ह्याचे ठसे दिसतील. माळढोक नाही दिसला तर का नाही दिसला, हे त्या तारांखाली उभं राहूनच मुलांना सांगावं.

लोंगेवालाची रणभूमी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा दिवस. डिसेंबर १९७१मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सव्वाशेच्या आत-बाहेर जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची फळी रात्रभर थोपवून धरली, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पकडलेले रणगाडे तिथंच उभे आहेत. पण पाच वर्षांखालची मुलं असतील तर हा प्रवास टाळलेलाच बरा.

सहल आखणाऱ्यांनी जैसलमेरला तीन रात्री द्याव्यात आणि पालकांनी पैसे भरण्याआधी त्या मागून घ्याव्यात. समचा मुक्काम एकच ठेवावा. यातली बरीच ठिकाणं ओसाड आहेत, तेव्हा पाणी, टोप्या आणि दशम्या-चटणीचा डबा सोबत हवाच. पहाटेच्या थंडीसाठी स्वेटरही हवा. दिवसभर ऊन खाऊन आलेल्या मुलांना संध्याकाळी गडीसरवर न्यावं. चौदाव्या शतकातल्या या तलावावर गावानं शेकडो वर्षं तहान भागवली. आज तिथं पायानं चालवायच्या होड्या मिळतात.