मुलांसह क्रूझ आणि ‘तरंगत्या हॉटेला’चा सिद्धान्त

मुलांसह क्रूझची सहल आखायची म्हणजे मुलांचे वय, हंगाम, मार्ग, कागदपत्रे आणि केबिन या गोष्टी याच क्रमाने ठरवायच्या. पैसे त्यानंतर भरायचे. एवढ्या साध्या विधानावर वाद होण्याचे कारण नाही. पण सहलींविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्यांत एक पक्ष असा आहे, की ज्याला नियोजनाचे नाव काढलेलेही सोसत नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जहाज म्हणजे तरंगते हॉटेल. खोली, जेवण, करमणूक सगळे त्यात आलेच. मुलांना क्लबात सोडावे आणि आईबापांनी डेकवर पाय पसरावेत. याद्या करतात ते भित्रे. शिवाय आपले आजे-पणजे पाच-सहा पोरे आणि ट्रंका घेऊन कोकण बोटीने जातच होते. त्यांनी कुठे नियोजन केले होते?

‘सगळे त्यात आलेच’ हे खरे नाही. बंदरशुल्क आणि कर बहुधा तान्ह्या मुलालाही लागतात. इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, कर्मचाऱ्यांची बक्षिसी आणि जहाजावरच्या दवाखान्याचे बिल पुष्कळदा वेगळे असते. क्लबाचेही तसेच. बहुतेक जहाजांवर तिथे प्रवेश तीन वर्षांच्या पुढे, तोही मूल स्वतःहून शौचाला जात असेल तर. डायपरमधल्या मुलाला, पोहण्याचा खास डायपर असला तरी, मुख्य तलावात उतरू देत नाहीत. अनेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावरच घेत नाहीत आणि लांबच्या सागरी सफरींना ही मर्यादा एक वर्षाची असते. दोन वर्षांचे मूल क्लबात सोडून पाय पसरण्याचे चित्र ज्याने रंगवले, त्याने क्लबाच्या दारावरची पाटी वाचलेली नसावी.

कोकण बोटीचा दाखला भावनेला हात घालतो, म्हणून तो वारंवार दिला जातो. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीकडे जाणाऱ्या त्या बोटींचा प्रवास बिननियोजनाचा होता, असे म्हणणारे आठवण आणि माहिती यांची गल्लत करतात. किनाऱ्याची ही वाहतूक पावसाळ्यात बंद असे. मे महिन्यात गावी गेलेल्या कुटुंबाला बोट बंद होण्याच्या आत परतावे लागे आणि त्या बेताने लग्ने, मुंजी, शाळा सगळे बसवावे लागे. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर जात. हलत्या बोटीतून हलत्या पडावात मूल कोणी द्यायचे, कोणी घ्यायचे, ट्रंक कोणी सांभाळायची, हे घरातूनच ठरून निघे. दशम्या, पाण्याचा तांब्या, मळमळीवर लिंबू, अंथरायला सतरंजी ही सगळी यादीच होती. फक्त ती कागदावर नव्हती. आणि समुद्राला गृहीत धरले की काय होते, तेही याच धक्क्याच्या इतिहासात आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. निष्काळजीपणाचा पुरस्कार करायला कोकण बोटीइतका गैरसोयीचा दाखला दुसरा मिळणार नाही.

राहिला मुख्य सिद्धान्त, तरंगत्या हॉटेलाचा. त्याच्याकडे सावकाश पाहणे भाग आहे, कारण एवढी उलटी गोष्ट एवढ्या आत्मविश्वासाने क्वचितच सांगितली जाते. बाहेर फिरायला गेलेल्या पाहुण्यासाठी हॉटेल जागेवर असते. जहाज निघून जाते. सर्वांनी परत चढण्याची वेळ सुटण्याच्या वेळेपेक्षा बरीच आधीची असते. कंपनीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतः टॅक्सी करून गेलेल्या कुटुंबासाठी थांबत नाही, आणि पुढचे बंदर मग स्वखर्चाने गाठावे लागते. सिंगापूर-पेनांग-फुकेत हा भारतीय कुटुंबांच्या आवडीचा मार्ग घ्या. थायलंडचे घड्याळ सिंगापूर आणि मलेशियाच्या एक तास मागे. जहाज आपल्याच वेळेवर चालत असेल आणि खिशातला मोबाईल फुकेतला उतरताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागला, तर मोबाईलवर चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. वाळूत किल्ला बांधणाऱ्या मुलाला ‘अजून तासभर आहे’ असे सांगण्याआधी हे ठाऊक असलेले बरे. याच मार्गावर सिंगापुरात दोनदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का हे पाहावे लागते. प्रत्येक मुलाचा पासपोर्ट वेगळा, आणि लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असल्याने तो आईबापांच्या आधी संपतो. देशातल्या देशात लक्षद्वीपला जायचे म्हटले तरी मुख्य भूमीवरच्या भारतीयांना प्रवेश परवाना लागतो. तिथे बेटांभोवती पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज बाहेर नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी उतारू नेतात. समुद्र खवळला तर उतरणेच रद्द. हॉटेलाच्या पायऱ्या भरतीने रद्द झाल्याचे ऐकिवात नाही.

हॉटेलात आल्या आल्या पाहुण्यांना जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे तेही शिकवत नाहीत. जहाजावर शिकवतात आणि त्यामागे रक्ताने लिहिलेला नियम आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा-सराव तोवर झालाच नव्हता, कारण तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला : सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाला पाहिजे. मुलांच्या मापाची जाकिटे प्रवासीसंख्येच्या किमान दहा टक्के, आणि मुले जास्त असतील तर प्रत्येकाला एक, हेही नियमात आहे. पण केबिनमध्ये ठेवलेली जाकिटे बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. लहान माप चढल्याबरोबर मागून घ्यावे लागते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, मूल त्या क्षणी क्लबात असले, आई एका डेकवर आणि वडील दुसऱ्या, तर मुलाला कोण आणणार? काही जहाजांवर मुलाच्या मनगटावर जमण्याच्या जागेचा क्रमांक बांधतात; तो पट्टा हातातली शोभा म्हणून काढून टाकणारे पालकही असतात. ‘सराव म्हणजे वेळेचा अपव्यय’ असे सांगणाऱ्या पक्षाने या प्रश्नाचे उत्तर कुठे दिलेले नाही. बुफेत गुलाबजाम होते का, याचे मात्र सविस्तर दिले आहे.

आणि हॉटेल हलत नाही. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळे सांगू लागतात, त्यातून तो येतो. उंच मजल्यावरची पुढच्या टोकाची खोली भव्य दिसते आणि तिथेच हेलकावे अधिक बसतात.

नियोजनाच्या बाजूचे म्हणणे यापेक्षा बरेच साधे आहे. पहिली सफर दोन-तीन रात्रींची, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली आणि शक्यतो मुंबई-गोव्यासारखी जवळची असावी. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. छताला टांगलेला तिसरा-चौथा बर्थ लहान मुलाच्या कामाचा नाही, हे आरक्षणावेळीच सांगावे. बोट लागण्याचे औषध मुलाच्या डॉक्टरांना विचारून आणि घरी एकदा देऊन पाहावे. हात साबणाने धुवावेत. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. विमानाने दुसऱ्या शहरातून बंदर गाठायचे असेल तर आदल्या दिवशी पोचावे. बंदरावर सोपवलेले सामान केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधे, डायपर, पोहण्याचे कपडे आणि सर्वांचे कागद हातातल्या पिशवीत ठेवावेत. रोज एकच मोठा कार्यक्रम धरावा. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी मुलांचे सकाळचे कपडे आणि बूट बाजूला काढून ठेवावेत.