परक्याचे दार आणि इजाजत

शनिशिंगणापूरला घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्री शिरू नयेत म्हणून कुठे एखादी फळी आडवी लावतात, तेवढेच. युको बँकेने 2011 साली तिथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची. हे चालते, कारण शनिदेव गाव राखतो अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तरी 2010 मध्ये एका पाहुण्याच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झालीच, आणि 2015 मध्ये पोलीस ठाणेही आले.

आमच्या घरांतील सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या मुला-मुलींच्या तोंडी 'रिमोट डीबगिंग' हा शब्द येतो, तेव्हा आम्हाला हेच गाव आठवते. ॲप चालते मुंबईच्या सर्व्हरवर, दुरुस्त करणारी मुलगी बसते नगरला. तिच्या संगणकावर सारे ठीक, तिकडे मात्र हिशेब चुकतो. मग ती इथूनच त्या चालत्या ॲपला डीबगर जोडते, हव्या त्या ओळीवर त्याला थांबवते आणि त्या क्षणी कुठे कोणता आकडा आहे ते पाहते. अंदाजाने दहा बदल करण्यापेक्षा चूक डोळ्यांनी पाहिलेली केव्हाही बरी. (ॲप थांबले की वापरणारेही खोळंबतात, म्हणून शहाणे लोक हे चाचणीच्या सर्व्हरवर करतात.)

पण त्यासाठी त्या यंत्राला एक दार उघडावे लागते. त्याला पोर्ट म्हणतात; जावाच्या ॲपसाठी बहुधा 5005 क्रमांकाचे. हे दार पासवर्ड विचारत नाही. आत आलेला आकडे पाहतोच, शिवाय आपले हुकूमही चालवू शकतो. आणि इंटरनेटवर सगळे शिंगणापूरचे शेजारी नसतात! फेब्रुवारी 2018 मध्ये अनेक अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचे 5555 हे डीबगिंगचे दार उघडे सापडले. 'एडीबी मायनर' नावाचा व्हायरस त्यातून शिरला आणि लोकांच्या दिवाणखान्यातली यंत्रे परक्यासाठी आभासी चलन कमावू लागली.

सूरह नूरमध्ये परक्या घरात इजाजत आणि सलामाशिवाय जाऊ नये असा हुकूम आहे. तीनदा विचारूनही होकार आला नाही तर परत फिरावे, असे हदीसमध्ये आहे. अँड्रॉइड 11 पासून वायरलेस डीबगिंगसाठी फोनवर दिसणारा सहा अंकी कोड द्यावा लागतो. आम्ही तिला इजाजतच म्हणू. सर्व्हरवर मात्र ही सोय आपण करायची. पोर्ट बाहेरच्यांना बंद ठेवावे, आपण एसएसएचच्या वाटेने ओळख पटवून आत जावे आणि काम संपताच ॲप डीबगिंगशिवाय पुन्हा सुरू करावे.

घरातल्या फोनवर कुणी मुलाने बिल्ड नंबर सात वेळा दाबून 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडले असतील, तर त्यातले यूएसबी डीबगिंग बंद आहे ना, ते आज मगरिबनंतर पाहून घ्यावे.